पाठीला पाठ

चतुराबाईंना शेवटच्या दिवसांत आडवं होता येत नसे. आडवं केलं की श्वास कोंडायचा, आणि नुसतं बसवलं की मान गळायची. लोड द्यावा तर तो घसरायचा. मग त्यांच्या सुनेनं, सुभद्रानं, आपल्यापुरती एक तोड काढली. ती पलंगावर मांडी घालून बसायची आणि सासूला आपल्या पाठीला पाठ लावून बसवायची. सुभद्रा अकोल्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन ती आधी पाठ द्यायला बसे. म्हातारीचा श्वास तिला कानांपेक्षा पाठीतूनच जास्त ऐकू यायचा. कोरी चामड्याची चप्पल घालून कुणी सावकाश चालावं, तशी बारीक करकर त्यात असायची.

"तुई पाठ मोठी गरम आहे माय," म्हातारी म्हणायची आणि डोळे मिटायची.

दमा आहे, असं सगळेच म्हणत. जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई, तिला दमाच असणार. गल्लीतला डॉक्टरही दम्याचंच औषध देत होता. पोळ्याच्या सुमाराला चतुराबाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे परतले, आणि सुभद्रा पुन्हा कॉलेजला जायला लागली.

दुखणं सुरू झालं ते थंडीत. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना तिनं दम घेतला आणि डाव्या खवाट्याखाली कळ आली. कुणी बोट रोवून धरावं तशी. श्वास सोडला की बोट निघायचं, घेतला की पुन्हा रुतायचं. ग्रंथालयातल्या रमाताई म्हणाल्या की वात असेल, नाहीतर शीर दबली असेल. सुभद्रानं बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी घेतली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पुढे पुढे ती अर्धाच श्वास घ्यायला शिकली. शिंक आली की नाक दाबून धरायची, आणि कुणी विनोद केला की तिथून उठून जायची.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. पाठ भिंतीला घट्ट टेकली की कळ कमी होते. टेकायला काही मिळालं नाही की वाढते.

एका रविवारी दुपारी ती पलंगाच्या मधोमध बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. भिंत हातभर लांब होती. देवमन, तिचा नवरा, अंगणात मोटारसायकल धूत होता. दर श्वासाला कळ येतच होती, आणि अचानक ती थांबली. सुभद्रानं भीतभीत पूर्ण श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी छाती भरली. मग तिला कळलं की तिच्या पाठीला काहीतरी टेकलेलं आहे. फार वजन नव्हतं. हाडाचं, हलकं, थोडं उजवीकडे कललेलं. चतुराबाईही उजवीकडेच कलायच्या. आणि तिच्या श्वासाबरोबर ती करकर चालली होती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, दुसरी उचलली. बाहेरून देवमननं फडकं मागितलं तेव्हा ती उठली, आणि कळ परत आली.

हे कुणाला सांगावं, असं त्या घरात नव्हतं. चतुराबाईंच्या सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव, उतारे, गंडेदोरे सगळं गेलं होतं. चतुराबाईंचं तर त्या बाबतीत तोंड फार फटकळ. गल्लीतली कुणी बाई भुताखेताचं बोलली की त्या म्हणायच्या, "मेलं माणूस कोनाच्या मांगं येत नाई. जित्यायले भ्या." त्याच बाईबद्दल आता काय सांगायचं? पण दुपारी घरी असली की सुभद्रा पलंगाच्या मधोमध बसू लागली. कधी काहीच व्हायचं नाही. कधी पाठीला ते हलकं वजन यायचं आणि श्वास मोकळा व्हायचा. संध्याकाळी तिला कणकण वाटायची. तापाचा भास असेल, असं ती स्वतःला सांगायची.

एकदा देवमन तिच्या पाठीला तेल चोळत होता. चोळता चोळता त्याचा हात थांबला. तळव्याखाली काहीतरी घासतंय, असं तो म्हणाला. मग त्यानं वाकून खवाट्याखाली कान लावला. सुभद्रा वाट पाहत राहिली. वळून पाहिलं तर त्याचा चेहरा उतरला होता.

"हा मायचा आवाज आहे," तो म्हणाला.

तेलाचे हात तसेच घेऊन तो बाहेर नळाजवळ जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो तिच्या पाठीकडे बघायचंही टाळू लागला. चार दिवस गेले आणि जेवताना खाली मान घालून त्यानं विचारलं, "कोनाले दाखवाचं का?"

तो डॉक्टरबद्दल बोलत नाही, हे तिला कळलं. "माय असती तं तुमाले मारलं असतं," ती म्हणाली. तो विषय तिथंच संपला.

आणि मग दुखणं आपोआप गेलं. आज थोडं कमी, उद्या आणखी कमी, असं करत एका सकाळी उठली तर कळ नव्हती. देवमननं धीर करून कान लावला. आवाजही नव्हता. तो खुशीत गरम जिलबी घेऊन आला. दुपारी सुभद्रानं पलंगाच्या मधोमध बसून पाहिलं. पाठीला कुणी टेकलं नाही. माय गेली, असं तिला वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पण ग्रंथालयाचा जिना तिला चढवेना. अर्ध्यात थांबावं लागायचं. उजव्या कुशीवर झोपलं की जीव गुदमरायचा, पाठीवर झोपलं तरी तेच. ती बसूनच डुलक्या घेऊ लागली. एके सकाळी कपाटाच्या आरशात तिनं स्वतःला पाहिलं. पलंगावर बसलेली, खांदे वर ओढलेले, तोंड अर्धवट उघडं, मान कललेली. आरशात चतुराबाई बसल्या होत्या. पाठीला टेकलेल्या वजनाला ती एवढी घाबरली नव्हती. तिनं चप्पल घातली, ऑटो केला आणि एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर मैथिली वयानं लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पाठीवर बोटं ठेवून टिचक्या मारल्या. उजवीकडे पोकळ आवाज आला. डावीकडे खाली, भरलेल्या माठावर मारावं तसा बद्द. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाची खालची बाजू पांढरी दिसत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि फासळ्यांना आतून दुसरा. दोन्ही ओलसर असतात, एकमेकांवरून अलगद सरकतात. सुजले की खरखरीत होतात. मग श्वास घेतला की घासतात, दुखतं, आणि कान लावला तर करकर ऐकू येते. पाठ टेकली की तिथल्या फासळ्या कमी हलतात, म्हणून बरं वाटतं.

"मग दुखणं थांबलं कसं?" सुभद्रानं विचारलं.

"दोन्ही पडद्यांच्या मध्ये पाणी भरलं. पडदे एकमेकांपासून सुटले. दुखणं गेलं म्हणून तुम्ही खूश झालात, पण आजार वाढला होता."

मग त्यांनी घरात कुणाला जुना खोकला होता का, असं विचारलं. सुभद्रानं सासूचं सांगितलं. कसं बसायच्या तेही सांगितलं. टेकायला येत होत्या, हे सांगितलं नाही. दम्याचं निदान कुणी थुंकी तपासून केलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. कुणीच केलं नव्हतं.

पाठीत सुई घालून पाणी काढलं. पिवळसर होतं. तपासण्या झाल्या आणि टीबी निघाला. म्हातारीपासूनच आला असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. सुभद्रा बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत बसली. म्हणजे चतुराबाईंच्या श्वासातलं काहीतरी खरोखरच तिच्या आत येऊन राहिलं होतं. देवमननं ऐकलं ते काही खोटं नव्हतं.

सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी ओसरल्यावर पडदे पुन्हा टेकतील आणि थोडे दिवस दुखेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. तेव्हा ती डाव्या कुशीवर झोपायची, खोकला आला की कुशीला उशी दाबून धरायची, दुखण्याची गोळी घेतली की हळूहळू खोल श्वास घ्यायचा सराव करायची. महिन्याभरात ताप गेला, मग कळही गेली. पाठीला परत कुणी टेकलं नाही. देवमनची तपासणी चांगली आली. म्हातारीजवळ राहिलेल्या सगळ्यांनीच तपासून घ्यावं, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. चतुराबाई अकोल्याला येण्याआधी मोर्शीला लेकीकडे, देवमनच्या थोरल्या बहिणीकडे होत्या. म्हणून एका रविवारी दोघं मोर्शीला गेले.

उन्हाळा तोंडावर आला होता, मृग बहाराची संत्री उतरत होती. माणिकबाईंच्या ओसरीवर क्रेटची रांग लागली होती. माणिकबाई चांगल्या धडधाकट होत्या. ताप नाही, खोकला नाही, उलट अंगावर मूठभर मांस चढलेलं. सुभद्रानं त्यांना आजाराचं सगळं सांगितलं. पाठीला काय टेकायचं, ते सोडून.

देवमन बागेकडे गेला तेव्हा माणिकबाई संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "तुले एक सांगू का? देवमनले सांगजो नोको."

सुभद्रानं मान हलवली.

"दुपारी मी इथं बसली रायते न, तं माय येते. पाठीले पाठ लावून बसते."

सुभद्राच्या हातातली फोड हातातच राहिली. चतुराबाई अकोल्यात तिच्या पाठीला पाठ लावून बसायच्या, हे माणिकबाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. मोर्शीला असताना म्हातारी हिंडती-फिरती होती, आडवी होऊन झोपायची. केव्हापासून येते, असं तिनं विचारलं. संक्रांतीनंतर, माणिकबाई म्हणाल्या. सुभद्राच्या पाठीतून पाणी काढलं, ते दिवस.

"श्वास घेतला की दुखते का तुमाले?"

"नाई वं. दुखाले काय झालं? गरम वाटते."

सुभद्रा त्यांना दुसऱ्या दिवशी अमरावतीला घेऊन गेली. एक्स-रे काढला, थुंकी तपासली, पाठीवर कानही लावायला सांगितला. कुठंच काही नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की बाई ठणठणीत आहेत. ताप आला, वजन उतरलं की लगेच दाखवा, एवढं बजावून त्यांनी फाइल परत दिली. सुभद्रानं माणिकबाईंना मोर्शीच्या बसमध्ये बसवून दिलं. बस हलेपर्यंत त्या खिडकीतून हात दाखवत राहिल्या.

देवमन सामान घेऊन बसस्टँडवरच थांबला होता. अकोल्याच्या बसमध्ये त्यानं विचारलं, काय निघालं. काही नाही, ती म्हणाली. तो निवांत झाला आणि लगेच झोपला.

सुभद्रानं खोल श्वास घेतला. छाती पूर्ण भरली. कळ नाही, करकर नाही, कुठं काही अडलं नाही. सीटच्या पाठीपासून ती जरा पुढे सरकून बसली आणि थांबली. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं. दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं, तरी तिच्या पाठीला गार लागत होतं. तिला माणिकबाईंचा हेवा वाटत होता, आणि ते देवमनला सांगण्यासारखं नव्हतं.