तारमास्तर

भारतला गावात तारमास्तर म्हणत, आणि त्याला कारण त्याची आई. फौजेतून पहिलं पत्र आलं त्यात पोरानं ऐटीत लिहिलं होतं, 'आमचं सगळं काम तारेवर चालतं.' आईनं ते पत्र चार जणांकडून वाचून घेतलं आणि पोरगा तारखात्यात लागला म्हणून वस्तीभर साखर वाटली. रणगाड्यावर क्षेपणास्त्र सोडलं की त्याच्यामागं केसाएवढी बारीक तार उलगडत जाते आणि मागं बसलेला माणूस त्या तारेतून त्याला वळवत नेतो, हे त्या माउलीला कोण सांगणार? भारत सुट्टीवर येईपर्यंत नाव पक्कं झालं होतं. त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेल्याचीच बातमी. त्यामुळं तो दारात दिसला की म्हाताऱ्या आधी दचकायच्या.

खरं तर त्याचं काम नुसतं बघण्याचं. दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर ठेवायची आणि क्षेपणास्त्र आदळेपर्यंत हलू द्यायची नाही. दोन किलोमीटरला बारा-तेरा सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून गोळ्या येवोत की डोळ्यात माशी जावो, फुली हलली तर क्षेपणास्त्रही हलणार. नंतर एकदा सोडून विसरून जायची क्षेपणास्त्रं निघाली, ती आपलं लक्ष्य आपणच गाठतात. भारतच्या हाती जुनीच होती. सतरा वर्षांत खरी चारच सोडायला मिळाली, तीही राजस्थानच्या वाळूत, लाकडी रणगाड्यांवर. बाकी सगळा सराव टक लावण्याचा. निवृत्त होऊन नेकनूरजवळच्या गावी परतला तो ही सवय घेऊनच. बोलताना त्याची पापणी लवत नसे, आणि समोरचा माणूस उगाच न केलेले गुन्हे आठवायला लागे.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. सकाळची खेप गावच्या विहिरीत, दुपारची वस्तीवर विहाराजवळच्या टाकीत. महिनाभर सुरळीत चाललं, मग दुपारची खेप अर्धीच यायला लागली. टँकरवाला सटवा खाली बघत म्हणायचा, "भरायच्या विहिरीवरच कमी मिळतंय, मी काय करू?" चाळीस घरं आणि दोन-दोन घागरी. भारतच्या शेजारची रतनबाई एकटी राहायची. एके दिवशी तिच्या वाट्याला टाकीच्या तळाचा गाळ आला. फडक्यातून गाळून ती तेच प्यायली आणि अंथरुणाला खिळली.

त्या दिवशी भारतला राग आला आणि रागाच्या पाठोपाठ संशय. संशय दूध संस्थेचे चेअरमन भगवानराव यांच्यावर. पंचक्रोशीतल्या मोसंबीच्या बागा वाळून काटक्या झाल्या होत्या, ह्यांची तेवढी हिरवी. संध्याकाळी विहाराच्या अंगणात लोक जमले तेव्हा तो उभा राहिला.

"चार दिवस द्या. पाणी कोण पळवतंय ते दाखवतो. कुणी का असंना, नाव घेणार."

त्यानं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. भगवानरावांनाही कळलं. त्यांनी उलटा निरोप धाडला, पाचव्या दिवशी संस्थेच्या शेडमधे बैठक, तारमास्तरानं तिथं येऊन सांगावं.

गावामागच्या टेकडीवरून टँकरचा सगळा रस्ता दिसतो. तिथं बसणार हे भारतनं फक्त बायकोला, भामाबाईला सांगितलं. ती दोन महिने चारा छावणीतच राहायला होती, कारण जनावराजवळ घरचं माणूस लागतं आणि त्यांच्याकडं हरणी नावाची गाय होती. छावणी दूध संस्थेचीच. तो रोज सकाळी भाकरी घेऊन तिकडं जायचा.

पहिल्या दिवशी टँकर सरळ वस्तीवर आला, काठोकाठ भरून. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशीही. लोक खूश झाले. भारतला मात्र ते भरलेलं पाणी खटकलं. कुणीतरी चोराला आधीच सावध केलं होतं. त्यानं चहावाल्यावर संशय घेतला, ग्रामसेवकावर घेतला, एका मेंढपाळावर तर विनाकारणच घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी भाकरी देताना तो भामाबाईला म्हणाला, "आज न्हाई बसणार. गुडघा लई दुखतोय."

"नका बसू. उनात कशाला जीव घालवता?" ती म्हणाली.

घरी जाऊन तो आडवा झाला खरा, पण चैन पडेना. दुपारी लंगडत पुन्हा टेकडी चढला. टँकर मोसंबीच्या बागेजवळ आला तेव्हा त्यानं श्वास रोखला. टँकर बागेला वळसा घालून पुढं गेला आणि छावणीच्या मागच्या कुंपणाशी थांबला. एक बाई पुढं झाली, पाइप खांद्यावर टाकून तिनं तो कुंपणातून आत हौदात सोडला. आपली बायको ओळखायला भारतला दुर्बीण लागली नाही. टेकडीची गोष्ट फक्त तिलाच माहीत होती, आणि आजच्या गुडघ्याचीही.

तो तसाच छावणीत गेला. भामाबाईनं त्याच्यापुढं तांब्या धरला.

"पानी कुठलं?"

"छावणीचं. दुसरं कुठलं असणार?"

त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग तांब्याकडं.

"संस्थेचं बोअर आटून महिना झाला," ती हळू आवाजात म्हणाली. "चेअरमन म्हनले, भाईर बोलू नका, तहसीलवाले छावणी बंद करतील. गाया हंबरायच्या वो, ऐकवत न्हाई. सटवा माज्या माहेरचा, लिंबागणेशचा. मीच त्याच्या पाया पडले."

"आन् रतनबाई?"

ती हरणीकडं वळली. हरणी तिच्या पदराला तोंड लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी शेड माणसांनी भरली. रतनबाई काठी टेकत आली होती. छावणीतल्या बायका भिंतीशी उभ्या होत्या, त्यांत भामाबाई. भगवानराव खुर्चीत रेलून म्हणाले, "सांगा तारमास्तर. गेलता का टँकर माझ्या बागंत?"

"न्हाई. बागंत न्हाई गेला. त्या संशयाबद्दल मी सगळ्यांपुढं माफी मागतो."

"मग कुठं गेलता?"

कुणीतरी मागून ओरडलं, "सटवानंच इकलं आसंल, धरा त्याला." सटवा मान खाली घालून उभा होता. तो भामाबाईचं नाव घेणार नव्हता, हे भारतला दिसत होतं. नोकरी गेली तरी घेणार नव्हता.

फौजेत उस्ताद एक गोष्ट मुद्दाम शिकवत. या क्षेपणास्त्राचा गुण असा की शेवटच्या सेकंदालाही ते वळवता येतं. समोर आपलाच माणूस निघाला तर फुली रिकाम्या जमिनीवर न्यायची, क्षेपणास्त्र मातीत जातं, कुणी मरत नाही. भारतनं रिकामी जमीन शोधली. ती जमीन म्हणजे सटवा होता. त्याच्यावर सगळं ढकललं असतं तर सगळ्यांना पटलं असतं आणि आपलं घर शाबूत राहिलं असतं. पण सटवालाही घर होतं, आणि रतनबाई समोर बसली होती.

"टँकर छावणीत गेला," भारत म्हणाला. "संस्थेचं बोअर आटलंय, चेअरमनांनी लपवलं. आन् सटवाला तिकडं बोलवनारी माजी बायको हाय. भामाबाई."

भगवानराव खुर्चीत सरळ झाले. रतनबाई बसल्या जागी एवढंच म्हणाली, "भामे, मला सांगायचं तरी. दिली असती गं माजी एक घागर हरणीला."

त्या दुपारपासून टाकी पूर्ण भरायला लागली. छावणीसाठी वेगळा टँकर मागणारा अर्ज बैठकीतच लिहिला गेला आणि भगवानरावांनी निमूट सही केली. सटवाला कुणी काढलं नाही. हे सगळं नीट झालं.

पण बैठक मोडली आणि लोक बाहेर पडले तेव्हा भामाबाई भिंतीशी तशीच उभी राहिली. ती रडली नाही की भांडली नाही. तिनं नवऱ्यावर नजर रोखली आणि रोखूनच ठेवली. सतरा वर्षं सराव केलेल्या माणसानंही नेहमीसारखी टक लावली. बारा-तेरा सेकंद गेले असतील नसतील.

पापणी भारतची लवली.