वीस मिनिटांचं विमान

घड्याळजींनी अक्काचं तिकीट डोळ्याला भिंग लावून तपासलं. भिंगातूनही तेच दिसलं. अक्का तिकडून दुपारी एकला निघणार आणि इकडे एक वीसला उतरणार. परतीचं विमान मात्र एकला सुटून सात वीसला पोचणार.

"येताना वीस मिनिटं, जाताना सहा तास वीस मिनिटं," ते बायकोला म्हणाले. "येताना उतार असणार."

मग भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून त्यांनी अंतर मोजलं. सव्वीसशे किलोमीटर भरलं. एवढं अंतर वीस मिनिटांत कापायचं तर अक्काची कवळी तिकडेच राहिली असती.

"अहो, तिकडची घड्याळं आपल्यापुढे तीन तास असतात," बायको म्हणाली. "विमानाला लागतात तीन तास वीस मिनिटं. एक वीस म्हणजे आपले एक वीस."

"तीन तास पुढे? अख्ख्या देशाची? आणि एकानेही दुरुस्तीला टाकलं नाही?"

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी घड्याळजी अक्काला घ्यायला दीड तास उशिरा पोचले होते. थोरली बहीण बॅगेवर बसून होती. त्यानंतर तिने इकडे पाऊल ठेवलं नव्हतं. परवा फोनवर तिने बजावलं, "दारात दिसला नाहीस तर आल्या पावली परत फिरेन." आणि अक्का बोलली की बोलली.

म्हणून त्यांनी डाव्या मनगटावर इकडचं घड्याळ बांधलं, उजव्यावर तिकडचं, आणि सकाळी साडेआठलाच निघाले.

"तिकीट तिकडे काढलंय, म्हणजे वेळ त्यांच्याच घड्याळाची," त्यांनी दारात सांगितलं.

"म्हणजे विमान खरंच वीस मिनिटांत येतं?"

"ते मलाही पटत नाही. पण अक्का निघाली की समोरचे बाजूला होतात."

विमानतळावर उजव्या मनगटावर एक वीस झाले. डाव्यावर दहा वीस. दारातून कोणीच आलं नाही. घड्याळजी चौकशीच्या खिडकीकडे धावले.

"एक वीसचं विमान कुठंय?"

"हवेत," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"आता वाजले एक वीस!" त्यांनी उजवा हात पुढे केला. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे, आणि म्हणाली, "काका, घड्याळ दुरुस्तीला टाका."

आयुष्यात हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांचं डोकंच फिरलं. हवेत म्हणजे येतंय की गेलंसुद्धा? अक्का उतरली, दारात भाऊ नाही, फिरली माघारी! ते वरच्या मजल्यावर, परतीच्या प्रवाशांच्या रांगेकडे पळाले आणि तिच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. प्रत्येक पांढरं डोकं वाकून न्याहाळलं. दोन आज्या रागावल्या, एकीने आशीर्वाद दिला.

डाव्या मनगटावर पावणेदोन झाले तेव्हा जिन्यावरून अक्का बॅग आपटत आली. खाली दारात कोणी नव्हतं, म्हणून ती शब्दाला जागून परत निघाली होती.

"खुळ्या! दार सोडून इथे काय करतोयस?"

"तुला अडवायला उभा आहे."

"मी आत्ता उतरले!"

"हो, पण साडेतीन तासांपूर्वी परत निघालीस ना?"

अक्काने त्यांच्या दोन्ही मनगटांकडे पाहिलं. मग स्वतःच्या घड्याळाकडे. त्यात पावणेपाच वाजले होते. ती बॅगेवर मटकन बसली.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "तू या वेळी लवकर आलास की उशिरा?"

घड्याळजींनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "अक्का," ते म्हणाले, "आधी घरी जाऊ. तिथे बायको सांगेल."