टेकडीवरचं मीठ

आत्याला टेकडी मिळाली होती ती एका उन्हाळ्यापुरती. दोन वर्षांपूर्वी तिथून उतरलेल्या वणव्यानं वस्तीतली चार घरं गिळली होती. वनखात्यातल्या तिच्या भाच्यानं साहेबांच्या मागे लागून तिच्या शेळ्या-मेंढ्यांच्या कळपासाठी परवानगी काढली. घरांच्या वरच्या अंगाला पट्टा चारून काढायचा, गवत घोट्याच्या वर दिसता कामा नये. यंदा आग खाली आली, तर कळप विकायचा, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

मेंढ्यांनी गवत आठ दिवसांत साफ केलं. पण पट्ट्याच्या मधोमध माणसाच्या उंचीची वाळकी, कडू झुडपं उभी होती आणि शेळ्या त्यांच्याकडे ढुंकून बघेनात.

"जाऊबाई, आग्रह केल्याशिवाय जेवायच्या नाहीत तुमच्या लेकी," धाकटी जाऊ म्हणाली.

"आत्या, यंत्र मागवू का?" भाच्याचा चेहरा उतरला होता.

"या उतारावर तुझं यंत्र गडगडत साहेबांच्या दारात जाईल."

त्या झुडपांच्या जागी आत्याच्या लहानपणी कमरेएवढं रुपेरी गवत असे. भिजून कुबट झालेल्या चाऱ्याला जनावरं तोंड लावत नसत, तेव्हा आई त्यावर मिठाचं पाणी शिंपडायची. मग काडीसुद्धा उरायची नाही. हे आठवलं आणि आत्या उठलीच.

सकाळी दोघी जावा मिठाच्या पाण्यानं भरलेले फवारणीचे पंप पाठीवर बांधून झुडपांत शिरल्या.

"स्वयंपाकात कधी एवढा हात सैल सोडला नाहीत," जाऊ पुटपुटली.

मास्तरीण, म्हणजे कळपाची म्होरकी शेळी, पुढे आली. तिनं एक फांदी चाटली, विचार केला आणि कडकन मोडली. मग सगळ्याच तुटून पडल्या. सहा दिवसांत तिथे नुसते खुंट राहिले.

आणि एका दुपारी वारा फिरला. टेकडीच्या माथ्यावरून आग धावत आली. वस्ती सामान घेऊन रस्त्यावर उभी होती. आत्या मात्र पट्ट्याच्या कडेला, कळपाला मागे घालून. पुरुषभर उंचीची ज्वाळा पट्ट्याशी आली, खायला काही मिळेना, तशी खाली बसली आणि सरपटू लागली. भाच्यानं आणि त्याच्या माणसांनी ओल्या पोत्यांनी बडवून ती विझवली. मग सगळी वस्ती टाळ्या वाजवू लागली. मास्तरिणीनं रवंथ थांबवला नाही.

पाऊस झाल्यावर, बी झडेपर्यंत आत्यानं एकही खूर वर जाऊ दिला नाही. झुडपांच्या जागी ते रुपेरी गवत उगवून आलं होतं, अजून गुडघ्याएवढंच. साहेब सबंध टेकडीच्या परवानगीचा कागद घेऊन स्वतः आले. भाच्यानं अहवालात लिहिलं होतं: उपाय, शेळ्या-मेंढ्या, साहित्य, मीठ.

"आजी, किती वर्षांसाठी लिहू?" साहेबांनी विचारलं.

आत्यानं गवताला हात लावून पाहिला.

"हे माझ्या कमरेला लागेपर्यंत लिहा," ती म्हणाली. "पुढचं माझी धाकटी जाऊ बघेल. पंप तिला चांगला जमतो."