बाबांची दाढ आणि नऊ मासे

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात नऊ मासे आणले, ते पेशंटसाठी नव्हे. बाबांसाठी. बाबा म्हणजे त्यांचे सख्खे वडील. त्यांची उजवीकडची खालची दाढ आठ महिने किडत होती आणि गाल असा फुगला होता, की डावीकडून पाहिलं तर बाबा दिसायचे आणि उजवीकडून पाहिलं तर बाबांचे थोरले भाऊ. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "मुलगी अजून शिकतेच आहे का हो?"

तसे बाबा भित्रे नव्हते. तीस वर्षं पाणबुड्याचं काम करून त्यांनी जहाजांचे तळ खरवडले होते. शेजारून शार्क गेला तर सरकून वाट देणारा माणूस! पण दवाखान्यातली खुर्ची मागे कलली, की हा माणूस थेट समोरच्या फुटपाथवर सापडायचा. एकदा तर गळ्यात लाळेरं तसंच.

"बाबा, पू जबड्यात उतरतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून महिनाभर असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मोठं ऑपरेशन लागेल."

"बघू," बाबा म्हणाले. आठ महिने ते बघतच होते.

शेवटी फिशटँकवाल्याने उपाय सांगितला. "हे घ्या, ताई. बोटाएवढे, हिरवे, चमकदार. समुद्रात शेकड्यांनी एकत्र राहतात, सगळे एका दिशेला. भांडण नाही, तंटा नाही. बघणाऱ्याचं मन कसं शांत होतं!"

टाकी बसली. आत फांद्याफांद्यांचं एक पांढरं प्लॅस्टिकचं प्रवाळ बसलं. आणि नऊ मासे नऊ दिशांना तोंडं करून बसले. वाटण्या झालेल्या भावांसारखे. एकाने पंपाचा कोपरा बळकावला, दोघांनी प्रवाळावर पहारा बसवला आणि उरलेले आळीपाळीने धाकट्याची शेपटी ओढायला लागले. मन शांत व्हायचं राहिलंच, वाट बघणारे पेशंट बाजू घेऊन भांडायला लागले.

मंगळवारी मात्र चमत्कार झाला. आत डॉक्टरीणबाईंनी ड्रिल चालू केलं, घिर्रर्र! टाकी त्याच भिंतीला टेकलेली. नऊही मासे एकदम जवळ आले, एकदम वळले, आणि पाण्यात हिरवं रेशीम उलगडल्यासारखं झालं. बाहेर सगळे "अहाहा!"

"यांना मशीन आवडतं!" डॉक्टरीणबाई दारातून डोकावून मास्कच्या आडून ओरडल्या.

झालं. पेशंट असो नसो, दिवसभर मशीन सुरू. बाई रिकाम्या खुर्चीशेजारी उभ्या राहून हवेत दात कोरायच्या. बाहेरचे हळूच म्हणायचे, "आतला माणूस कोण आहे हो? तासभर झाला, हूं की चूं नाही!"

मग तिसऱ्याच सकाळी बाबांना आणून टाकीसमोर बसवलं. घिर्रर्र झालं. रेशीम उलगडलं. बाबा गाल धरून हसायला लागले आणि दारातून आतल्या मुलीला म्हणाले,

"अगं वेडे, हे खूश नाहीत! बोबडी वळलीय यांची! प्रवाळावर हजारोंनी पाहिलेत मी. मोठा मासा आला की असे चिकटतात, आणि त्याने जबडा उघडला की सगळे फांद्यांत घुसतात. निवांत असले की एकमेकांच्या शेपट्या ओढतात. माणसांसारखंच आहे."

तेवढ्यात आत मशीनचा आवाज चढला आणि नऊही मासे सर्रकन प्रवाळात गडप झाले. बाहेर चार पेशंट होते. एकाला अचानक गॅस चालू राहिल्याचं आठवलं, दुसऱ्याला मुलाची शाळा आठवली. उरलेल्या दोघांनी आठवायलाही वेळ घेतला नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाबा! माझे पेशंट!"

"आपलेच दात, आपलेच ओठ," काउंटरमागून मावशी म्हणाली. मावशी म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या आईची धाकटी बहीण. दवाखान्याचं रजिस्टर तिच्या हातात, आणि रजिस्टरमुळे दवाखानाही.

बाबा उठून उभे राहिले. "ज्या दिवशी हे मासे तुझ्या मशीनला भिणार नाहीत, त्या दिवशी मी खुर्चीत बसेन. सगळ्यांसमोर सांगतो!"

"सगळे गेले, भावोजी. मीच आहे."

"मग तुझ्यासमोर. पाणबुड्याचा शब्द!"

मावशीने तो रजिस्टरमध्ये लिहून घेतला आणि खाली बाबांची सही घेतली. बाबा शीळ घालत घरी गेले. तीस वर्षांत न भिणारा हिरवा मासा त्यांनी पाहिला नव्हता.

पण समुद्रात मोठा मासा येतो तो एखाद्याला गिळून जातो. इथलं मशीन नुसतंच गुरगुरत होतं, खात कुणालाच नव्हतं. ही गोष्ट बाबांच्या लक्षात आली नाही. मावशीच्या आली. दुपारच्या सुट्टीत ती आत जाऊन बसायची, पाय मशीनच्या पेडलवर, हातात स्वेटर. दोन सुलट, एक उलट, घिर्रर्र.

बाबा रोज सकाळी चौकशीला यायचे. "भ्यायले का?"

"भ्यायले हो, भावोजी."

आठव्या दिवशी मासे जवळ आले, पण जरा रमतगमत. बाराव्या दिवशी पाचच आले. सतराव्या दिवशी मावशीने स्वतः फोन केला, "या, भावोजी." बाबा आले तेव्हा सहा पेशंट बसले होते आणि शब्दाची गोष्ट सहाही जणांना पाठ होती.

घिर्रर्र झालं. पंपाच्या कोपऱ्यातला कोपऱ्यातच राहिला. बाकीच्यांनी धाकट्याची शेपटी सोडली नाही.

बाबांनी काचेला नाक लावलं. "बहिरे झालेत!"

"बहिरे नाहीत. सरावलेत," मावशी म्हणाली.

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात मावशीने आधीच खुर्ची टाकली होती आणि खुर्चीत मावशी होती. "पाणबुड्याचा शब्द," ती रजिस्टर उघडून म्हणाली. सहा पेशंटांनी माना डोलावल्या.

बाबा आत गेले. खुर्ची मागे कलली. इंजेक्शन झालं. "आता काहीही दुखणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. पण मशीन दातापर्यंत पोचायच्या आधीच बाबा ओरडले. तीस वर्षं पाण्याखाली काम केलेलं, ओरडायची सोयच नव्हती. ती सगळी बाकी त्यांनी एका दमात काढली.

हा आवाज माशांना नवीन होता. नऊच्या नऊ प्रवाळात घुसले. सहाच्या सहा पेशंट मावशीला खुर्चीसकट बाजूला सरकवून रस्त्यावर गेले.

पाऊण तासाने बाबा बाहेर आले. तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी, चालण्यात मात्र रुबाब. पू निघून गेला होता, जबडा वाचला होता. मागे डॉक्टरीणबाई मास्क काढून भिंतीला टेकल्या आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

रिकाम्या खुर्च्या पाहून बाबांनी हातानेच विचारलं, सगळे कुठे?

"प्रवाळात," मावशी म्हणाली. तिने रजिस्टरमधली सहा नावं खोडली आणि बाबांचं नाव पुन्हा लिहिलं. "अजून दोनदा यायचंय तुम्हाला, भावोजी. आणि उद्यापासून दुपारच्या सुट्टीत इथे येऊन बसायचं. रोज पाच मिनिटं ओरडायचं."

बाबांनी भुवया उंचावल्या.

"मासे सरावतील पंधरा दिवसांत," मावशीने स्वेटर उचलला. "पेशंटना महिना लागेल."