तिठ्यावरचा हायमास्ट

तिठ्यावरचा हायमास्ट, उंच खांबावरचा नवा दिवा, पेटला त्या संध्याकाळपासून हरेश्वर चोगले घरी आला नाही. हरवला म्हणावं तर तसंही नाही, सगळ्या गावाला तो दिसत होता. मासळी विकून रिकामी पाटी घेऊन तो बाजारातून निघाला आणि तिठ्यावर आला. तिथून एक वाट पुळणीकडे, समुद्रकाठच्या वाळूवरल्या त्याच्या घरी जाते. ती धरायची सोडून त्यानं खांबाभोवती फिरायला सुरुवात केली. पाटी डोक्यावर तशीच होती.

हायमास्ट दिवसाही जळत असे. त्याची चावी सरपंच गुणाजी भाटकरांच्या खिशात होती आणि त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या खटपटीनं आणलेली वस्तू बंद ठेवायला आणली नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. या दिव्याखाली प्रमिलाचा नवरा होता.

प्रमिला त्याला आणायला गेली. हाताला धरून चालवत आणलं. पोफळीच्या बागेपाशी उजेड संपतो, तिथे आल्यावर त्यानं आधी मान वळवली, मग खांदे, मग पाय, आणि तो परत निघाला. तिनं त्याला पुन्हा घराकडे वळवलं. तो पुन्हा खांबाकडे वळला. चालताना त्याचे हात अंगापासून लांब जात आणि मागे येत, वाळू लोटावी तसे.

"अवो, भात गार होतोय," ती म्हणाली.

"घरीच चाललोय," तो म्हणाला आणि खांबाकडे चालत राहिला.

ज्यांची घरं उजेडात होती त्यांना काहीच फरक पडला नाही. ज्यांची नव्हती त्यांच्या घरची माणसंही एकेक करून खांबाखाली जमली, तेव्हा बायकांनी भांडी उचलून तिठ्यावर आणली आणि तिथेच चुली मांडल्या. हळूहळू तिथे एक वाडीच झाली. सरपंच छाती फुगवून फिरू लागले.

"बघ प्रमिला," ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी गाव एकत्र करायला बघतोय. एका खांबानं केलं. तू पण ये की."

"विहीर कशी आणू, भाऊ? आमी दोघांनी खणलीय ती."

"नळ देऊ तुला."

"नळ नको. माजा माणूस द्या."

तिला तो घरात हवा होता, बाकी काही नको होतं. ज्याच्या घोरण्यानं आयुष्यभर तिची झोपमोड झाली, त्याच्या घोरण्यावाचून आता तिचा डोळा लागत नव्हता. ओटीवर त्याच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली जागा होती आणि तिच्यावर वाळू साचायला लागली होती. ती रोज झाडायची आणि रोज चिडायची.

मग तिनं काट्यानं काटा काढायचं ठरवलं. दाराशी आधी साधा बल्ब लावला, मग मोठा, मग भावाकडून हॅलोजन आणला. हॅलोजन लावला तेव्हा हरेश्वर फिरता फिरता क्षणभर थांबला आणि त्याचं नाक पुळणीकडे वळलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून किनारा-प्रकाश निरीक्षक आले.

त्यांचं नाव आडारकर. हातात उजेड मोजायचं यंत्र, पायात बूट, बुटात वाळू. कासवांच्या पिल्लांचा हंगाम होता. अंड्यातून निघालेलं पिल्लू जिथे जास्त उजळ तिकडे चालतं. समुद्र उजळ असतो म्हणून समुद्राकडे चालतं, आणि दिवा उजळ असला की दिव्याकडे चालून मरतं. म्हणून समुद्राकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवायचा सरकारी नियम होता. आडारकरांनी यंत्र हॅलोजनसमोर धरलं आणि हॅलोजन काढून पिशवीत घातला. मग साधा बल्बही काढला. घरातली रॉकेलची चिमणीसुद्धा उचलली.

"साहेब, आणि तो?" प्रमिलानं तिठ्याकडे बोट दाखवलं. भर दुपारी हायमास्टचा उजेड उन्हावर चढला होता.

आडारकरांनी यंत्र तिकडे धरलं. काटा थरथरला आणि पडला. "तो दिवा नाही," ते म्हणाले.

"मंग काय आहे?"

"विकासकाम आहे. दिवा असता तर मी बंद केला असता."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! प्रमिलाला त्या यंत्रासकट साहेबांना विहिरीत ढकलावंसं वाटलं. पण विहीर पिण्याची होती.

"पिल्लू तिकडे गेलं तर?" तिनं विचारलं.

"एक जरी गेलं तरी अख्खं गाव बंद. विकासकाम असो की काही असो. पिल्लाच्या पुढे कोणी नाही."

"आणि माणूस गेला तर?"

"माणसाचं कलम नाही."

प्रमिलानं आडारकरांना तिठ्यावर नेलं. हरेश्वर फिरत होता. त्याच्या मानेला आता आडव्या घड्या पडल्या होत्या आणि पाटी डोक्यावरून घसरून पाठीवर पक्की बसली होती. आडारकर त्याच्याबरोबर एक फेरी चालले.

"जन्म कुठला?" त्यांनी विचारलं.

"पुळणीवरचाच. सासूबाई सुकी मासळी वाळत घालत व्हत्या, तवाच झाले."

"वाळूत?"

"वाळूत."

"मग प्रश्नच मिटला. पिल्लूच आहे हे. आज रात्री अख्खं गाव बंद," आडारकर म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आपलं ऐकलं म्हणून प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरपंचांनी थयथयाट केला. आमदारांना फोन लावला. पण पिल्लापुढे आमदारही नव्हते. दुपारीच हरेश्वरला पुळणीवर उचलून आणून, पिल्लांना संध्याकाळी समुद्रात सोडेपर्यंत झाकतात तसं टोपलीखाली झाकण्यात आलं. टोपली कोंबड्या झाकायची होती, प्रमिलाच्याच घरची. तिनंच दिली. त्यात तो मावला. तिनं टोपलीच्या फटीतून विचारलं, "बरं वाटतंय ना?" आतून फक्त वाळू खरवडल्याचा आवाज आला.

तिनं सगळा हिशेब मांडून ठेवला होता. टोपलीपासून घराचं दार हाकेच्या अंतरावर. हायमास्ट विझला की त्याला ओढणारं काही उरणार नाही. दार सताड उघडं ठेवलं, भात-कालवण झाकून ठेवलं, ओटीवरची जागा झाडून ठेवली. आपल्या दारात दिवा नाही हे तिच्या ध्यानात होतं, पण घरचं माणूस दार अंधारातही ओळखतं, असं तिला वाटत होतं.

तिन्हीसांज उलटली. सरपंचांनी खिशातली चावी काढली आणि फिरवली. हायमास्ट विझला. खांबाखालची सगळी माणसं झोपेतून उठल्यासारखी एकमेकांकडे बघायला लागली आणि मग बघ्यांच्या घोळक्यात सामील होऊन पुळणीवर आली. आडारकरांनी दोर बांधून सगळ्यांना त्याच्या मागे उभं केलं, प्रमिलाला एका टोकाला, तिच्या दाराच्या बाजूला.

"कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "हाक मारायची नाही. त्याला स्वतःच्या पायांनी जाऊ द्या."

टोपली उचलली. हरेश्वर बसला होता तो उठला. आधी त्यानं मान वळवली, दाराकडे. दार काळं होतं. मग त्याची मान दुसरीकडे वळली. समुद्रावर अजून आभाळाचा उजेड पडलेला होता, राखेसारखा, फिकट, पण होता. मग खांदे वळले. मग पाय.

"अवो!" प्रमिला ओरडली. "घर इकडे आहे!"

"आवाज नको," आडारकर खेकसले. "नियमाप्रमाणे चाललंय सगळं."

आणि खरंच नियमाप्रमाणेच चाललं होतं, हेच तिला सोसवेना. हरेश्वर ओल्या वाळूवर पोचला. पहिली लाट घोट्यांवरून गेली. त्याचे हात अंगापासून लांब गेले आणि मागे आले, आणि या वेळी ते अगदी शोभून दिसले. दोरामागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

प्रमिलानं कनवटीची काडेपेटी काढली. चुलीसाठी ठेवलेली, साहेबांच्या पिशवीतून वाचलेली. एक काडी मोडली, दुसरी पेटली. तिनं ती डोक्याच्या वर धरली.

गुडघाभर पाण्यात हरेश्वर थांबला. त्याची मान वळायला लागली.

पण दोराच्या मागचं गावही वळलं. आधी माना, मग खांदे, मग पाय. दोर तुटला. अंधारात तेवढाच एक उजेड होता, आणि सगळं गाव त्याच्याकडे चालत आलं. सरपंच आले, आडारकर आले. यंत्र हातातून पडलं तरी ते चालत राहिले. सगळे तिच्या आणि समुद्राच्या मधे येऊन दाटीवाटीनं उभे राहिले आणि काडीकडे बघत राहिले, शांत, समाधानी तोंडांनी.

"सरका!" ती ओरडली. "बाजूला व्हा ना! त्यांना दिसू दे!"

कोणी हललं नाही. ती टाचा उंचावून उभी राहिली. काडी जळत बोटांपर्यंत आली होती, तिचा सगळा उजेड त्यांच्या तोंडांवरच संपत होता, आणि त्यांच्या पाठीमागून पाणी लोटत लांब जाणाऱ्या हातांचा आवाज येत होता.