जावयाच्या हातची कॉफी

जावयाला पाणी विचारणं घरोघरी चालतं, पण पाणक्याला ते धावत्या सायकलवरून द्यावं लागे. संघाच्या गाडीपर्यंत मागे यायचं, जर्सीत पुढेमागे बाटल्या कोंबायच्या आणि घोळक्यातून वाट काढत भाऊजींपर्यंत पोचायचं, हेच त्याचं काम. नावही त्यावरूनच पडलं होतं. धाकट्या बहिणीने त्याच्याच संघातल्या पोराशी लग्न केलं आणि ते पोर बघता बघता संघाचा म्होरक्या होऊन बसलं. या शर्यतीत तर आघाडीची जर्सी भाऊजींच्याच अंगावर होती.

शेवटचा टप्पा उद्या होता आणि तो पाणक्याच्या घरावरून जाणार होता. सायकलवाल्यांत एक जुनी रीत आहे. ज्याचं घर वाटेत येईल त्याला सगळे पुढे सोडतात. तो एकटा पुढे जाऊन घरच्यांना भेटतो, मग घोळका त्याला परत पोटात घेतो. आयुष्यभर दुसऱ्यासाठी दमलेल्या माणसाला उद्या एका गल्लीपुरता पहिला नंबर मिळणार होता. आई दारात खुर्ची टाकून बसणार होती. नंतर सायकल कायमची खुंटीला टांगायची, हेही ठरलं होतं.

आणि नेमकी शर्यतीत तापाची साथ शिरली. रोज नाश्त्याला एखादी खुर्ची रिकामी दिसे. खोलीतल्या दोघांनी सकाळी एकमेकांच्या कपाळावर थर्मामीटर धरायचा आणि आकडा डॉक्टरीणबाईंना कळवायचा, असा संघाचा नियम होता. पुढची चाचणी तक्रार आली तरच.

"एकदम थंड आहात, दादा," भाऊजी थर्मामीटर खिशात टाकत म्हणत.

भाऊजींचा आकडाही रोज साधाच यायचा. तरी पाणक्याच्या मनात पाल चुकचुकली ती कॉफीवरून. ज्या माणसाने घरी कधी स्वतःचा कप विसळला नाही, तो सकाळी उठून किटली लावायचा आणि मेव्हण्याच्या हातात कॉफी आणून द्यायचा. जरा जास्तच कडू असायची, पण जावयाच्या हातची म्हणून पाणक्या पिऊन टाकी. जावई आपणहून सेवा करायला लागला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मग त्याला एकेक दिसायला लागलं. भाऊजी खिडकी उघडी टाकून भिंतीकडे तोंड करून झोपत. तासातासाला हात धूत. न्हाणीघरात जाऊन नळ सोडत आणि आतून दबक्या आवाजात फोनवर बोलत. आज सकाळी तर कचऱ्याच्या डब्यात, कागदात गुंडाळलेली, तापाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली.

पाणक्याचा हिशेब जुळला. भाऊजींना ताप आहे. सकाळी थर्मामीटरच्या आधी गोळी घेतात, म्हणून आकडा साधा येतो. कॉफी म्हणजे आपल्याला लावलेलं लोणी. आणि हा ताप आज ना उद्या आपल्याला देणार. त्याचं स्वतःचं अंग ठणकत होतं, घसा खरखरत होता, पण इतक्या दिवसांच्या धुळीत कुणाचं अंग ठणकत नाही? त्याला भाऊजींचा संताप आला. जर्सीसाठी हा माणूस माझी गल्ली हिरावून घेणार, एवढंच त्याला दिसत होतं.

दुपारी टप्पा संपल्यावर भाऊजी मालिशवाल्याच्या टेबलावर पडले होते. पाणक्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला.

"मला आजच्यापुरती वेगळी खोली द्या."

"का?"

"भाऊजी घोरतात."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतकी वर्षं एका खोलीत राहता, आज घोरायला लागले? ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्याने सांगून टाकलं. पट्टीचंही सांगितलं. सांगताना बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण तोंडातून सुटलेलं मागे घेता येत नाही.

बाईंनी भाऊजींना बोलावून थर्मामीटर धरला. ताप नव्हता. मग, एका खोलीत आहेत म्हणून, पाणक्यावर धरला. खोलीतला थर्मामीटर मुका होता, बाईंचं यंत्र मात्र धरताच किंचाळायला लागलं.

"बिघडलंय ते," पाणक्या म्हणाला.

बाईंनी दुसरं आणलं. तेही तसंच. मग दोघांच्या नाकात काडी घालून चाचणी केली. पाणक्याच्या पट्टीवर गडद रेघ आली आणि भाऊजींच्या पट्टीवर पुसट.

"तुमचा ताप जुना आहे," बाई पाणक्याला म्हणाल्या. "यांना तुमच्याकडून लागण आत्ताच झालीय. सकाळचा आकडा कोण कळवत होतं?"

भाऊजी खाली बघत होते. "मीच. खोटा." मग म्हणाले, "गोळी कुटून कॉफीत घालत होतो."

न सांगता औषध देणं म्हणजे काय, हे बाईंनी त्यांना अशा शब्दांत समजावलं की बाहेरच्या बोळातला मेकॅनिक पाय न वाजवता निघून गेला. संध्याकाळच्या आत दोघांची नावं शर्यतीतून कमी झाली. आघाडीची जर्सी दुसऱ्याच्या खोलीत गेली.

घरी न्यायला व्हॅन आली. ड्रायव्हरने तोंड बांधलं होतं आणि मधली काच लावून घेतली होती. मागे दोघेच.

"मला सांगितलं का नाही?" पाणक्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही सरळ बाईंकडे गेला असता."

"तसाही गेलोच."

भाऊजी कसंनुसं हसले. "तुम्ही झोपेत खोकत होता. पहिल्याच रात्री हिला फोन केला. ही म्हणाली, दादाने सगळा जन्म तुम्हाला पाणी पाजलं, एक दिवस तुम्ही सांभाळा त्याला. मग रोज विचारायची, मी रोज नळ सोडून सांगायचो."

आपल्या हाताने आपण काय करून बसलो, ते आता पाणक्याच्या आत हळूहळू उतरत होतं. ताप चढत होता आणि तोंडाला कोरड पडली होती.

"घोळक्यात सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं," भाऊजी म्हणाले. "गल्लीच्या तोंडाशी तुम्ही पुढे. आणि मी मागून येऊन, आईंच्या देखत तुम्हाला बाटली देणार होतो. आघाडीची जर्सी घालून."

त्यांनी पायाजवळच्या पिशवीतून ती बाटली काढली. नवी कोरी होती. पाण्याने भरून त्यांनी ती पुढे केली.

पाणक्याने बाटली घेतली. झाकण उघडलं, आणि तोंडाला लावण्याआधी ती खिडकीच्या उजेडात धरून आतलं पाणी नीट पाहिलं.

भाऊजींनी ते पाहिलं आणि तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं.