मध्यंतरापर्यंत सांगितलेला सिनेमा

सिनेमाचं वेड कुणाला नसतं हो! पण या घरातलं वेड काही औरच होतं. नवराबायको दोघंही पक्के सिनेमावाले, लागेल तो सिनेमा पाहणारे, आणि मुलगा झाल्यापासून दोघांनी शेजारी शेजारी बसून एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. शनिवारी तो जायचा, रविवारी ती. एक जण थिएटरात, तर दुसरा घरी साहेबांपाशी.

साहेब म्हणजे त्यांचा मुलगा. खाटेवरून घरभर हुकूम सोडतो, म्हणून आत्याने लहानपणी नाव पाडलं आणि तेच चिकटलं. पाय जन्मापासून निकामी, मान धरत नव्हती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डोकं मात्र असं तल्लख, की विचारू नका. अंगात एक डावा हात तेवढा त्याचं ऐकायचा. त्या हाताने खाटेच्या लोखंडी कठड्यावर थापा मारल्या की पसंत, तोंड भिंतीकडे फिरवलं की नापसंत. एकदा त्याला थिएटरात नेलं होतं, तर अंधारात आणि त्या दणदणाटात फिट आली. तेव्हापासून थिएटर घरी यायचं. बापाने पाहिलेला सिनेमा शनिवारी संध्याकाळी सांगायचा, आईने पाहिलेला रविवारी.

सिनेमा एकच, पण सांगणं? छे! दोघांच्या सांगण्याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसे.

बाप वाइंडर, मोटर वाइंडिंगचं काम करायचा. पंपाची, पंख्याची, गिरणीची मोटर जळली की लोक त्याच्याकडे आणून टाकत. जळकी तार उपसायची, नवी तार भरायची, वार्निश मारायचं. दारात आलेली मोटर चालू होऊनच गेली पाहिजे, हा त्याचा हट्ट. हाच हट्ट त्याने सिनेमालाही लावला होता. त्याच्या सिनेमात कुणी मरत नसे. पडद्यावर खुशाल मेलेली माणसं याच्या तोंडून घरी आली की टुणटुणीत व्हायची.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर. चिठ्ठीवर लिहिलंय तेच द्यायचं, एका अक्षराने इकडेतिकडे नाही, यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. ती रविवारी तोच सिनेमा पाहून यायची आणि जसाच्या तसा सांगायची. मग जुंपायची.

"अहो, तुम्ही काल त्या म्हाताऱ्याला जिवंत ठेवलंत? तो तर मध्यंतराआधीच गेला की!"

"मला दिसला बुवा चालताना."

"चष्मा बदला. लेकराला काय वाट्टेल ते सांगता!"

आणि साहेब खाटेवर हसून हसून लाल. त्याला प्रत्येक सिनेमाचे दोन शेवट मिळायचे, आणि त्यातला कुठला खरा धरायचा ते तोच ठरवायचा.

पण साहेबांना फसवणं सोपं नव्हतं. मध्यंतराआधी जे सांगितलं ते नंतर बदललेलं त्याला चालायचं नाही. कंदिलातलं तेल संपलं म्हणालात ना, मग तो कंदील पुन्हा पेटता कामा नये. एकदा बापाने कड्यावरून पडणाऱ्या माणसाला झाडाच्या फांदीवर अडकवलं. ते चाललं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिनेमात पुन्हा फांदी आली, तर साहेबांनी तोंड फिरवलं ते थेट दुसऱ्या दिवशी चहालाच इकडे वळवलं. फांदी एकदाच, हा घरातला कायदा झाला.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी निकाल लागायचा. वर्षातले पाच उत्कृष्ट सिनेमे. आत्या त्यासाठी मुद्दाम यायची आणि टीव्हीचा रिमोट माइकसारखा धरून नावं पुकारायची. नवराबायको हमरीतुमरीवर यायची, पण शेवटी कठड्यावरच्या थापा मोजायच्या, आणि त्यापुढे कुणाचंही काही चालायचं नाही.

यंदा वर्षाच्या मध्यावर साहेब गेले. छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. तेव्हापासून त्या दोघांनी थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. आता दोघांना मिळून जायला कुणाची आडकाठी नव्हती, पण तो विचारसुद्धा कुणी तोंडाबाहेर काढला नाही.

तर शेवटच्या रविवारी आत्या आली. दारातच म्हणाली, "दादा, मी नुसती बसायला आलेय हं."

"नुसती का?" बायको आतून हात पुसत बाहेर आली. "निकाल लावायचाय. साहेबांनी यंदा इतक्या सिनेमांना थापा दिल्यात, त्या काय वाऱ्यावर सोडायच्या?"

"माझ्याच्याने नाही होणार," वाइंडर म्हणाला.

"न व्हायला काय झालं? बसा."

तो बसला. आत्या खाटेच्या पायथ्याशी टेकली. खाट अजून तिथेच होती, हलवायचं कुणी नावच काढलं नव्हतं.

मग बायकोनेच लाँड्रीवाल्या दोन बहिणींचा सिनेमा काढला, त्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि एकमेकींच्या कपड्यांना इस्त्री करतात, तो. ती म्हणाली, हाच दुसरा. वाइंडरला राहवलं नाही. "दुसरा? त्यात दोन तास इस्त्रीच फिरते! दुसरा तो चोराचा आणि कुत्र्याचा. थापा आठव. कठड्याचा स्क्रू सैल झाला होता, मी आवळला नंतर."

"कुत्र्यासाठी होत्या त्या थापा. सिनेमासाठी नव्हत्या."

"कुत्रं काय सिनेमाच्या बाहेर होतं का गं?"

आत्या फिसकन हसली. मग सुटलेच सगळे. पाचवा ठरला, चौथा ठरला, तिसऱ्यावर चांगलीच वादावादी झाली, शेवटी दुसराही ठरला. घडीभर घर पूर्वीसारखं झालं, आणि ते तसं झालं म्हणूनच वाइंडरची नजर खाटेकडे गेली. त्याने बायकोकडे पाहिलं. तीही तिकडेच बघत होती.

"आता पहिला," आत्या हळूच म्हणाली.

"नावाड्याचा राहिला ना," बायको म्हणाली. "तो मी पाहिलाच नाही. यांनी शनिवारी पाहिला, अर्धा सांगितला, आणि रविवारी तर आपण..." ती थांबली. "तो सांगा आधी. न ऐकताच कसा काय निकाल लावायचा?"

वाइंडर उठला. "दुकानात एक मोटर उघडी टाकून आलोय."

"रविवारी दुकान बंद असतं. अहो, काय झालं? त्या आठवणीने नको वाटतंय का?"

"तसं नाही."

"मग?"

त्याने खाटेचा कठडा धरला. मग म्हणाला, "मला शेवट सापडला नाही."

दोघींना काही उमजेना.

"मी मध्यंतर का केलं त्या दिवशी? मी कधी अर्ध्यात थांबतो का? नावाड्याचा पोरगा होडीत खेळत बसलाय, बाप वर गावात गेलाय. नदीला लोंढा येतो. होडीचा दोर तुटतो आणि होडी निघते. पुढे धबधबा. सिनेमात पोरगा जातो. मग अख्खा सिनेमा बाप त्याला शोधत फिरतो आणि शेवटी रिकामी होडी मिळते. हे मी साहेबांना सांगणार होतो का? छे! पण माझी जीभ! धबधबा इतका रंगवला, इतका रंगवला, की तिथून आजवर कुणी परत आलेलं नाही, नदीत एक बेट नाही, जवळपास माणूसकाणूस नाही. पोरगं डोळे एवढे मोठे करून ऐकतंय. आणि मला एकदम कळलं, की मीच सगळे रस्ते बंद केलेत. मग म्हटलं, मध्यंतर! उरलेला उद्या."

"मग काय झालं त्यात," आत्या म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तो आजारी पडला. त्याला कोण काय करणार?"

"दवाखान्यात विचारत होता तो मला." वाइंडर म्हणाला. "तोंडावर मास्क. ही औषधं आणायला खाली गेलेली. तो माझ्याकडे बघायचा आणि पलंगाच्या दांडीवर बोट आपटायचा. थापा मारायचं बळ नव्हतं, नुसतं बोट. मला कळत होतं काय हवंय ते. मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो, राजा. पुन्हा आपटलं, पुन्हा तेच सांगितलं. दोन रात्री डोकं फोडून घेतलं, मला एक रस्ता सापडला नाही. काहीतरी थाप ठोकायला हवी होती. फांदी म्हणायला हवं होतं. शेवटच्या वेळेला फांदी चालवून घेतली असती त्याने. घेतली असती ना?"

हे बोटाचं बायकोला ठाऊक नव्हतं. इतके महिने एका घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आत्या आवाज न करता रडत होती. तिला वाटलं, आता वहिनी दादाला काहीतरी बोलणार, आणि बोलली तरी चुकीचं ते काय?

"दोर कुठे तुटला?" बायकोने विचारलं.

"आँ?"

"होडीचा दोर. होडीपाशी तुटला, की काठावरच्या खुंटापाशी?"

"काय माहीत. दाखवत नाहीत. तुटतो एवढंच."

"तुम्ही साहेबांना काय सांगितलंत?"

"तुटला, असं. कुठे ते नाही सांगितलं."

"नीट आठवा."

"नाही सांगितलं. शपथ."

"लांब होता?"

"भला मोठा. अख्खं भेंडोळं होतं काठावर."

"मग खुंटापाशी तुटला," ती म्हणाली. दुकानात चिठ्ठी वाचावी तशी एकेक शब्द जपून म्हणाली. "म्हणजे तो अख्खा दोर होडीला बांधलेलाच आहे. होडी पुढे, दोर मागून फरफटत. पाण्याखाली दगड असतील. दगडांबद्दल काही बोलला होतात?"

"नाही."

"मग धबधब्याच्या अलीकडे त्याचं टोक दगडांच्या फटीत अडकलं. होडी थांबली."

दिवसभर वाइंडरचे हात तारेत. तारेचं टोक जरा मोकळं राहिलं की कुठेही जाऊन अडकतं, ते सोडवण्यात याचा जन्म गेला. आणि याला हे सुचू नये? हा रस्ता उघडाच होता. साहेबांनी तो मानला असता, कठडा दणाणून सोडला असता. त्याला हे इतकं लख्ख दिसलं की तो खाटेशी जमिनीवरच बसला.

"तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "त्याच रात्री विचारायला हवं होतं गं."

"मी ओरडले असते तुमच्यावर. लेकराला खोटं सांगू नका म्हणाले असते." तिचे डोळे भरून आले. "सांगा आता. मध्यंतरानंतरचं."

त्याने घसा खाकरला. खाटेकडे तोंड केलं. नदी वाढली ती सांगितली, होडी गिरक्या घेत निघाली ते सांगितलं, धबधब्याचा आवाज काढला. दोर ताठ झाला, होडीला हिसका बसला, होडी थांबली. लोंढ्याचा आवाज ऐकून गावातून निघालेला बाप काठाकाठाने धावत आला, छातीभर पाण्यात शिरला, दोर हाताला गुंडाळून ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, हात सोलून निघालेत. आणि तिथे वाइंडरचा आवाज बसला तो बसलाच. त्याने दोनदा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसती हवा आली.

मग जिने तो सिनेमा पाहिलाच नव्हता ती बोलू लागली. जन्मात कधी एक अक्षर पदरचं न घातलेली ती.

"बापाने होडी काठाला आणली," ती म्हणाली. "पोराला उचलून घेतलं. पोरगा भिजून गारठलेला. तो म्हणाला, बाबा, किती उशीर केलात."

वाइंडरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाप म्हणाला, मला दोर दिसलाच नाही रे. समोर होता, पण दिसला नाही." ती खाटेवरून उतरून त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्याचे हात तोंडावरून सोडवू लागली. "पोरगा म्हणाला, असू दे. ऐकताय ना? पोरगा म्हणाला, असू दे, बाबा."